फाट्यावरून सरळ

आमच्या यांनी एकतीस वर्षं शाळेची बस चालवली. ती त्यांच्या अंगात इतकी मुरली होती की स्वयंपाकघरातून बाहेर येतानाही आधी आरशात बघतील असं वाटायचं. त्यातली एक सवय तर कायमची. बस थांबली, इंजिन बंद झालं, की उतरण्याआधी मागे वळून मोठ्याने विचारायचं, "कोणी राहिलंय का?" आणि मग एकेका सीटखाली हात घालून चाचपत शेवटपर्यंत जायचं. बेचाळीस सीट, दिवसाला चार फेऱ्या. पाण्याच्या बाटल्या सापडायच्या, एकेकटे मोजे सापडायचे, एकदा खोक्यात ठेवलेलं कासव सापडलं आणि दोनदा गाढ झोपलेलं मूल. एवढ्या वर्षांत एका पोराला साधं खरचटलं नाही. हे त्याचा गवगवा करत नसत, पण कुणी विषय काढला तर हळूच कॉलर नीट करत.

मी सत्तावीस वर्षं पाणीपुरवठा खात्यात तक्रारीच्या खिडकीवर बसले. हे मुद्दाम सांगते, कारण पुढे जे झालं ते मला जरा जास्तच झोंबलं, आणि त्याचं कारण ही खिडकी. समोरच्याला गोड बोलून परत कसं पाठवायचं हे मला पाठ होतं. "नोंद घेतली आहे." "वर कळवलं आहे." "आमच्याकडून सगळं व्यवस्थित दिसतंय." हे तिसरं सगळ्यात गुणकारी. ते ऐकून माणूस स्वतःच्याच नळावर संशय घेत घरी जायचा. मला त्यात काही वावगं वाटत नव्हतं. आता वाटतं.

हे निवृत्त झाले आणि पुढच्याच महिन्यात दारात एक स्पोर्ट्स कार घेऊन उभे राहिले. गडद निळी, एकोणीस वर्षांची, दोन सीटची, वर कापडी टप. बटण दाबलं की टप कुरकुरत मागे जाऊन बसायचा. गाडी इतकी ठेंगणी की आत बसताना आपण टबात उतरतोय असं वाटे. मी तिचं नाव ठेवलं डबी. शेजारचे म्हणाले, "बसकाका, बाकीची चाळीस पोरं कुठे बसवणार?" हे हसले. बसला वेगाचं कुलूप होतं, चाळीसच्या पुढे ती जातच नसे. एकतीस वर्षं चाळीसवर घालवलेल्या माणसाला मी काय बोलणार? मी कपाळावर हात मारला आणि चहा ठेवला.

वेगाचं मात्र यांना तेवढं वेड नव्हतं. यांच्या डोक्यात एक फाटा होता. शाळेच्या रस्त्यावर गावाबाहेर एक फाटा लागतो. डावीकडे शाळा. सरळ गेलं की पंधरा किलोमीटरवर धरणाचा मोठा जलाशय, आणि त्याच्या कडेकडेने वळणं घेत जाणारा रस्ता. हे एकतीस वर्षं त्या फाट्यावर डावीकडे वळले. समोरचा रस्ता झाडांमध्ये शिरताना दिसायचा आणि यांचा हात सिग्नलच्या दांडीवर जायचा. "एकदा तिथून सरळ जायचं," असं ते आमच्या लग्नाच्या दुसऱ्या वर्षापासून म्हणत होते. "टप उघडा टाकून, तू शेजारी."

गाडी आली तेव्हा माझ्या नोकरीचं एक वर्ष उरलं होतं. हे म्हणाले, "तू मोकळी हो, मग जाऊ. रस्ता काय पळून जातोय?" मग वर्षभर हे डबीला फक्त जवळपास फिरवत राहिले. नळी लावून कधी धुतली नाही, ओल्या फडक्याने पुसायचे. पाऊस दिसला की गाडी शेडमध्ये, वर आच्छादन. वर्षभर तिने एक शिंकही दिली नाही.

माझ्या निरोप समारंभाच्या आठवड्यातच आम्ही डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंकडे गेलो. यांच्या लायसन्सची मुदत सहा महिन्यांनी संपत होती. बसच्या नोकरीत दरवर्षी डोळे तपासायचे, तशी हौस म्हणून आधीच तपासून घेऊ म्हणाले. बाईंनी यांची हनुवटी एका मशीनवर टेकवली, हातात बटण दिलं. मधल्या ठिपक्याकडे बघायचं आणि कडेला कुठेही उजेड लुकलुकला की बटण दाबायचं. मी मागे बसून बघत होते. हे कितीतरी वेळ बटण दाबतच नव्हते. तपासणी संपल्यावर यांनी सहज विचारलं, "मधे मशीन बंद पडलं होतं का?"

मशीन चालू होतं. बाईंनी कागद पुढे ठेवला. त्यावर डावीकडे राखाडी डाग पसरलेला. काचबिंदू. गेलेलं परत येणार नाही, थेंब टाकून उरलेलं सांभाळायचं. "मेंदू रिकामी जागा आपल्या आपण भरून घेतो," बाई म्हणाल्या, "म्हणून तुम्हाला कळत नाही. आज मी तुम्हाला गाडी चालवू नका म्हणत नाही. मान वळवून बघत चालवा. सहा महिन्यांनी लायसन्सच्या आधी पुन्हा तपासू. पण खोटी आशा दाखवणार नाही. त्या वेळी मला बहुतेक नाही म्हणावं लागेल."

बाहेर आल्यावर हे पायरीवर थांबले. "सहा महिने भरपूर झाले," म्हणाले. "एक रस्ता तर आहे."

लांब जायचं म्हणजे गाडी तपासून न्यायला हवी. बसवाल्याचा स्वभाव. कोपऱ्यावरच्या गॅरेजवाल्याने हात वर केले. "हिचा कॉम्प्युटर फक्त कंपनीच्या मशीनला उघडतो, काका. शोरूमलाच न्या." म्हणून हे डबीला कंपनीच्या वर्कशॉपमध्ये घेऊन गेले. साधं ऑइल बदलायला. दुसऱ्या दिवशी गाडी मिळाली, आरशासारखी चकचकीत, आत अत्तराचा वास, पायाशी कागदी मॅट. "वॉशिंग आमच्याकडून कॉम्प्लिमेंटरी, सर," तिथला टाय लावलेला माणूस म्हणाला. टायवाला हेच त्याचं नाव आमच्या घरात पडलं.

मी म्हटलं, "चला, उद्याच जाऊ." हे मान हलवेनात. बस डेपोत यांचा एक नियम होता. कुठलीही दुरुस्ती झाली की तीन दिवस बस रिकामी चालवायची, मगच मुलं बसवायची. "अहो, मी काय शाळेतलं पोर आहे?" "तू शेजारी बसणार. तीन दिवस मी एकटा फिरवतो."

तिसऱ्या दिवशी चौकात डबीच्या समोरच्या पट्टीवरचे सगळे दिवे एकदम पेटले. इंजिनाचा जोर गेला. गाडी बंद पडली नाही, पण तीसच्या पुढे जाईना. मागचे हॉर्न वाजवत होते आणि हे भर बाजारातून तीसच्या वेगाने स्पोर्ट्स कार चालवत घरी आले. बसपेक्षाही हळू. त्या दिवशी यांचा चेहरा मी पाहिला आणि टोमणा मारायचा राहून गेला.

मग सुरू झालं येणंजाणं. दुसऱ्या खेपेला गाडी तेरा दिवस ठेवली. कागदावर छापून आलं, "दोष आढळला नाही." गाडी पुन्हा लख्ख, पुन्हा अत्तर. पुन्हा तीन दिवसांचा नियम आणि तिसऱ्या दिवशी पुन्हा दिवे. तिसऱ्या खेपेला सेन्सर बदलला. त्यासाठी एकतीस दिवस, कारण मॉडेल बंद झालेलं आणि पार्ट बाहेरून यायचा. चौथ्या खेपेला वायरिंगचा एक अख्खा गुंता बदलला, चाळीस दिवस. प्रत्येक वेळी हे लहान मुलासारखे आनंदाने गाडी घेऊन यायचे. प्रत्येक वेळी तिसऱ्या दिवशी तोंड पाडून घरात शिरायचे.

मी चिडायचे ती आधी यांच्यावरच. "तुमचा तो नियम घाला चुलीत! पहिल्याच दिवशी घेऊन गेला असता तर पोचलो असतो."

"आणि रस्त्यात बंद पडली असती तर? तुला घेऊन?"

"मला काय झालं असतं? बसले असते झाडाखाली!"

"मी आजवर कुणाला रस्त्यात बसवलेलं नाही," हे म्हणायचे आणि डोळ्यांत थेंब टाकायला आत जायचे. सकाळी एक, रात्री एक. ती बाटली मला कॅलेंडरसारखी दिसायला लागली होती.

शोरूमच्या त्या हॉलचा मला इतका तिटकारा आला होता की काय सांगू. थंडगार हवा, मऊ खुर्च्या, कॉफीचं मशीन, आणि काचेपलीकडे वर्कशॉप. काचेपलीकडे गिऱ्हाइकाला जायची परवानगी नाही. गाडीला हात लावणारा माणूस गिऱ्हाइकाला भेटत नाही. आपण टायवाल्याला सांगायचं, टायवाला कॉम्प्युटरला सांगणार, कॉम्प्युटर मेकॅनिकला. उत्तर त्याच वाटेने परत. टायवाला बोलायला इतका गोड की त्याच्यावर रागावणं म्हणजे भिंतीवर रागावणं. "सर, आमच्याकडून सगळं व्यवस्थित दिसतंय." हे वाक्य त्याने पहिल्यांदा म्हटलं तेव्हा मी कॉफीचा कप खाली ठेवला. सूरसुद्धा माझाच होता.

"सर, एक सुचवू का?" तो एकदा यांना म्हणाला. "गाडीचं वय झालंय. नवीन मॉडेल बघा ना. एक्स्चेंज करून देतो."

हे शांतपणे म्हणाले, "वय माझंही झालंय. मला बदलून देता का?"

टायवाला हसला. त्याला तो विनोद वाटला.

पाचव्या खेपेला गाडी बावीस दिवस आत होती. लायसन्सची मुदत संपायला एक महिना राहिला होता. त्या सकाळी आम्ही गाडी आणायला गेलो तर म्हणे दुपारी या, आत्ता वॉशिंगला आहे, मग उन्हात वाळवून देतो. माझा संयम सुटला. सत्तावीस वर्षं लोकांनी माझ्या खिडकीवर केलेले सगळे तमाशे मी एका दमात त्याच्या काउंटरवर केले. कॉफी पिणारे लोक कप हातात धरून बघत राहिले. हे मागे उभे राहून माझी ओढणी ओढत होते. "अगं, बस झालं." मी बसले नाही. शेवटी टायवाल्याने घाईघाईने फोन केला आणि पाचव्या मिनिटाला डबी दारात आली, अंगावरून पाणी निथळत.

हे आत बसले. चावी फिरवण्याआधी, सवयीने, दोन्ही सीटखाली हात घातले. आणि तसेच थांबले. मला वाटलं पाठ धरली. यांनी हात बाहेर काढला. मनगटापर्यंत ओला.

"पाणी आहे," हे म्हणाले.

आजवर गाडी धुऊन दिवसभर उन्हात उभी असायची, मगच आमच्या हातात यायची. वरचा गालिचा तोवर सुकून जायचा. आज माझ्या आरडाओरड्यामुळे ती ओलीच मिळाली होती. हे उतरले, सरळ त्या काचेच्या दाराकडे गेले आणि ते ढकलून आत शिरले. टायवाला "सर, सर" करत मागे धावला. मी त्याच्या मागे.

आत एक पन्नाशीचा मेकॅनिक हात पुसत उभा होता. पाच महिन्यांत मेकॅनिक नावाचा माणूस मी प्रथमच पाहिला. यांचा ओला हात बघून त्याने काही न विचारता दारात येऊन डबीची सीट सोडवली, गालिचा उचलला. खाली खळग्यात पाणी साचलेलं, आणि त्या पाण्यात बुडालेला एक काळा डबा. गाडीचा मेंदू म्हणतात तो. टपाच्या कडेचं रबर जुनं होऊन आकसलं होतं. तिथे जोराची पिचकारी मारली की पाणी आत उतरायचं. निचऱ्याच्या नळ्या कचऱ्याने तुंबलेल्या, त्यामुळे बाहेर जायला वाट नाही. मग दोन-तीन दिवसांत ओल डब्यात चढायची आणि दिवे पेटायचे. हे लोक गाडी आणली की डबा सुकवून तपासत, दोष सापडत नसे, आणि परत देताना पुन्हा धुऊन देत. फुकट.

"तुम्हाला आधी कळलं नाही?" मी मेकॅनिकला विचारलं.

तो टायवाल्याकडे बघून हळू आवाजात म्हणाला, "दोनदा लिहून दिलं होतं ताई. 'सीटखाली ओल आहे.' पण कॉम्प्युटरमध्ये ओलीला कोड नाही. कोड नसेल तर जॉब कार्ड पुढे सरकत नाही. मग वर कुणीतरी 'दोष आढळला नाही' निवडतं."

माझ्या खिडकीवरच्या रजिस्टरमध्ये दोनच रकाने होते: पाणी येतं, पाणी येत नाही. गढूळ येतं असा रकाना नव्हता. गढूळ पाण्याची बाटली घेऊन लोक यायचे. मी 'येतं' वर खूण करायचे आणि पुढच्याला बोलवायचे. किती वर्षं. त्या माणसांची तोंडं मला आठवेनात, आणि त्याचीच लाज वाटली.

रबर बदलायला, नळ्या मोकळ्या करायला, डबा नवा बसवायला आणखी पंचवीस दिवस गेले. हे रोज सकाळी फोन करायचे आणि रोज "नोंद घेतली आहे" ऐकायचे. फोन ठेवल्यावर खिडकीशी उभे राहून एक डोळा झाकून बाहेर बघायचे, मग दुसरा. मी बघतेय हे कळलं की पडदा नीट करायचे. त्याच आठवड्यात हे दाराच्या चौकटीला डावा खांदा आपटून धडपडले.

मंगळवारी फोन आला की गाडी तयार आहे. डोळ्यांची तपासणी गुरुवारी सकाळी होती. आम्ही रिक्षाने धावत गेलो. डबी कुठे उभी असेल? वॉशिंगच्या रांगेत, दुसरा नंबर.

मी जाऊन गाडीच्या पुढे उभी राहिले. हातात पाण्याची नळी घेतलेला माणूस म्हणाला, "बाई, भिजाल."

"भिजू द्या."

टायवाला आला. "मॅडम, आता नवीन रबर आहे, काही होणार नाही."

"मग कशाला धुता?"

"प्रोसेस आहे. वॉशिंगची टिक झाल्याशिवाय सिस्टिम गेटपास काढत नाही. मी काहीच करू शकत नाही."

खरं सांगायचं तर त्याचं तोंड बघून मला त्याची कीव आली. तोही एका खिडकीतच बसलेला. मी म्हटलं, "बाळा, इकडे ये. टिक कोण करतं?"

त्याने नळीवाल्याकडे बोट दाखवलं. गाडी धुऊन झाली की तोच भिंतीवरच्या पडद्याला बोट लावतो.

"मग लाव ना बोट. मी सत्तावीस वर्षं सरकारी नोकरीत न झालेल्या कामांवर टिक केल्या आहेत. आभाळ कोसळत नाही."

नळीवाल्याने टायवाल्याकडे पाहिलं. टायवाल्याने दुसरीकडे पाहिलं. नळीवाल्याने पडद्याला बोट लावलं आणि गेटपास बाहेर आला. पाच महिन्यांत त्या जागी झालेलं ते पहिलं शहाणपणाचं काम, आणि तेही कागदावर खोटं.

बुधवारी सकाळी यांनी दाढी केली, इस्त्रीचा शर्ट घातला. मी काही बोलायच्या आत म्हणाले, "तीन दिवसांचा नियम आज नाही." टप कुरकुरत मागे गेला. डबी गुरगुरली आणि आम्ही निघालो. हे सांगितल्याप्रमाणे मान वळवून वळवून बघत होते. गावाबाहेर रस्ता मोकळा झाला, यांनी गिअर बदलला आणि माझी ओढणी उडायला लागली. फाटा आला. यांचा हात सवयीने सिग्नलच्या दांडीवर गेला, तिथे एक क्षण थांबला आणि परत स्टिअरिंगवर आला. आम्ही सरळ गेलो.

झाडांमध्ये शिरल्यावर हे मोठ्याने हसले. तेहतीस वर्षांच्या संसारात यांना इतकं मोकळं हसताना मी फारदा पाहिलं नाही. ऐंशीचा वेग होता. डबी इतकी गुळगुळीत चालली होती की मला तिचं नाव डबी ठेवल्याचं वाईट वाटलं. आता यांची मानही वळत नव्हती. यांची नजर समोर झाडांच्या टोकाला लागली होती, जिथून पाणी दिसायला लागेल म्हणत होते.

चार एक किलोमीटर गेलो असू. डावीकडे, माझ्याच बाजूला, एका थांब्यावर दहा-बारा शाळकरी मुलं बसची वाट बघत उभी होती. पाठीवर पिवळी दप्तरं. उघडी गाडी बघून ती ओरडायला लागली, हात हलवायला लागली. दोन तर अगदी रस्त्याच्या कडेपर्यंत आली. मीही दोन्ही हात हलवले. आम्ही पुढे निघून गेलो.

"किती गोड ओरडली हो," मी म्हटलं. "तुम्ही हॉर्न तरी द्यायचा."

"कोण ओरडलं?"

"ती मुलं."

"कुठली मुलं?"

वाऱ्यात मला वाटलं, हे चेष्टा करताहेत. मी यांच्याकडे पाहिलं. चेष्टा नव्हती. यांच्या हातांची पकड घट्ट झाली. वेग उतरत गेला, ऐंशी, साठ, चाळीस. यांनी गाडी रस्त्याच्या कडेला घेतली, हँडब्रेक ओढला, चावी फिरवली. एकदम शांत झालं. मागे लांबवर पोरांचा गलका अजून ऐकू येत होता. हे मान वळवून त्या आवाजाकडे बघत बसले.

"किती होती?"

"दहा-बारा."

"रस्त्याला लागून?"

मी खोटं बोलू शकले असते. "दोघं होती," मी म्हटलं.

मला इतका संताप आला की रडू येईना. सहा महिन्यांपूर्वी, तो डाग एवढा पसरला नव्हता तेव्हा, यांना ती मुलं दिसली असती. सहा महिन्यांतले एकशे एकतीस दिवस डबी त्यांच्या काचेमागे होती, धुतली जात होती, वाळवली जात होती आणि पुन्हा धुतली जात होती. पैसे गेले, ते जाऊ देत. हे दिवस मला कोण आणून देणार, आणि त्याची तक्रार कुठल्या खिडकीवर नोंदवू?

"चला, हळूहळू जाऊ," मी म्हटलं. "मी डावीकडे बघते, तुम्हाला सांगत राहते. अकराच किलोमीटर राहिलंय."

"नाही." हे एवढंच म्हणाले. मला गाडी चालवता येत नाही. यांनी खिशातून फोन काढला आणि शोरूमच्या रस्त्यावरच्या मदतीचा नंबर लावला. तो यांना पाठ झाला होता.

पलीकडच्या मुलीने विचारलं, "सर, तक्रार काय आहे? इंजिन, बॅटरी, टायर की अपघात?"

"यातलं काही नाही. गाडी ठीक आहे."

"मग काय लिहू सर? काहीतरी निवडावं लागतं."

यांनी फोन कानापासून दूर धरून माझ्याकडे पाहिलं. मी तो काढून घेतला. "लिहा, दोष आढळला नाही," मी म्हटलं. "आणि ट्रक पाठवा."

दीड तासाने टो ट्रक आला. आम्ही झाडाखाली बसलो होतो, म्हणजे शेवटी यांनी मला रस्त्यात बसवलंच. ट्रकवाल्याने डबीभोवती फेरी मारली आणि खाली वाकून बघितलं. "चालू होते ना काका? मग तुम्हीच वर चढवा. साखळीने ओढली तर पुढचा बंपर घासेल, फार खाली आहे ही."

त्याने ट्रकच्या मागच्या फळ्या उतरवल्या. हे आत बसले. ट्रकवाला समोर उभा राहून हाताने खुणा करत होता, "या... या... थोडं उजवीकडे... बस." बेचाळीस मुलांची बस गल्लीबोळातून एकट्याने मागे घेणारा माणूस, त्याच्या खुणांवर, माणसाच्या चालीने, तीन मीटर चढला. वर गेल्यावर यांनी इंजिन बंद केलं.

मग उजवा हात आपल्या सीटखाली घातला आणि डावा माझ्या. बराच वेळ चाचपत राहिले.

"कोरडं आहे," म्हणाले. मग मागे मान वळवली आणि नेहमीच्या मोठ्या आवाजात विचारलं, "कोणी राहिलंय का?"

ट्रकवाला माझ्याकडे बघायला लागला. मी खाली रस्त्यावर उभी होते, पर्स छातीशी धरून.

"कोणी नाही," मी म्हटलं. "उतरा आता."